शेवटचे दहा सेकंद

मॅक्स हॉलोवे आणि जस्टिन गेची यांची झुंज आज पुन्हा पाहिली. एप्रिल 2024, लास व्हेगास, मिश्र मार्शल आर्ट्सची यूएफसी 300 स्पर्धा. पाचव्या फेरीचे दहा सेकंद उरलेले, गुणांवर हॉलोवे स्पष्ट पुढे. नुसता लांब राहिला असता तरी जिंकला असता. त्याने मात्र पिंजऱ्याच्या मधोमध बोट दाखवलं: ये, इथे उभं राहून होऊन जाऊ दे! गेची आला. एक सेकंद शिल्लक असताना उजव्या हाताचा ठोसा बसला आणि गेची तोंडावर कोसळला.

याला कुणी वेडेपणा म्हटलं तर मला पटणार नाही. हरत असलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याने जिंकण्याची खरी संधी दिली. एवढं मोठं मन मी या खेळात क्वचितच पाहिलंय.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत हॉलोवेविरुद्धच्या झुंजीत इलिया टोपुरियाने सुरुवातीलाच तसं बोट दाखवलं. हॉलोवे गेला नाही, तेही योग्यच. तिसऱ्या फेरीत तो कारकिर्दीत पहिल्यांदाच नॉकआउट झाला. फार वाईट वाटलं. पण टोपुरियाचं श्रेय नाकारता येत नाही. जून 2025 मध्ये त्याने चार्ल्स ऑलिव्हेराला पहिल्याच फेरीत आडवं केलं. ठोशांच्या लढतीत त्याच्या तोडीचा दुसरा मला दिसत नाही.