तारापूरची खाडी

तारापूरच्या खाडीला नकाशात फारसे स्थान नाही. वैतरणेसारखी मोठी नदी तिला येऊन मिळत नाही. पावसाळ्याचे चार महिने आसपासचे ओहोळ तिला गोडे पाणी पुरवितात. उरलेले आठ महिने ती समुद्राच्या दानावर जगते. उत्तरेस चिंचणी, दक्षिणेस तारापूर. पण लोक दोन्ही गावांची नावे एका श्वासात घेतात. काठाला तिवरांची हिरवी किनार, ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा काळा चिखल आणि त्यावर उड्या मारणाऱ्या निवट्या, एवढेच तिचे वैभव.

इतिहास मात्र तिच्या वाट्याला भरपूर आला. १९५५ साली चिंचणीत काही ताम्रपट सापडले. त्यांतला इ. स. ९२६ चा ताम्रपट आम्हांला फार प्रिय आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या, अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य नावेची सोय केली व एक अन्नछत्र घातले, असे त्यात नमूद आहे. शिवाय त्याच्या अमलात एका हिंदू मठाला दान मिळाले. धर्माने परका, पण प्रजेचे पाय भिजू नयेत म्हणून झटणारा! राज्यकर्त्यांची अशी आठवण तांब्यावर क्वचितच कोरली जाते.

पुढे पोर्तुगीज आले आणि तारापूरला त्यांचा किल्ला उभा राहिला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो घेतला, त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या मातोश्रींना बाजीरावांनी पाठविलेले सांत्वनपत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. वसईच्या वेढ्यावर आपण पुष्कळ बोलतो. तारापूरच्या तटाखाली मेलेल्यांची, दोन्ही बाजूंच्या, आठवण कोणी काढीत नाही.

विसाव्या शतकाने या किनाऱ्याला आणखी दोन पाहुणे दिले. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, आणि २००५ व २००६ मध्ये नव्या अणुभट्ट्यांतून वीज निर्माण होऊ लागली. दुसरा पाहुणा म्हणजे बोईसरची औद्योगिक वसाहत. त्या वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. नाल्यांवाटे दांडी-नवापूरच्या आणि मुरब्याच्या खाड्यांपर्यंतही ते पोहोचले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूरला ९३.६९ गुण पडले, आणि देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून त्याचा पहिला क्रमांक लागला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्राला व अनेक कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला.

खाडीचे दुखणे समजण्यास भरती-ओहोटीचे गणित जाणावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला येथे पाणी कित्येक मीटर चढते आणि उतरताना घाण ओढून नेते. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की ही ये-जा मंदावते. तेच पाणी पुढे-मागे हलत राहते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी असतो. वैशाखातला भांग हा म्हणूनच वाईट काळ.

हे गणित आम्हांला पुस्तकाआधी दांडीच्या एका वृद्ध मांगेली बाईंनी सांगितले. सारे आयुष्य खाडीत गेलेले. आम्ही त्यांना आजी म्हणालो, तेव्हा त्या हसल्या. "भांगात पाणी जागचं हलत नाय, बाबा. मासळी घुसमटते. आमी पोरी होतो तवा गुडघाभर चिखलात जाऊन खुबे काढायचो, टोपली भरून यायची."

"आणि आता?"

त्यांनी पुढ्यातल्या पाटीवरचे ओले फडके बाजूला केले. आत बोंबील होते आणि तळाशी दोन लहान सरंगे. ज्या रुपेरी पापलेटाला महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्य मासा म्हणून मान दिला, तेच. मासळी पहाटे टेम्पोने सातपाटीहून आली होती. भाव विचारला, तर आजींनी आधी टेम्पोचे भाडे सांगितले.