गंगू तेलीचा तंबोरा

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण पुष्कळांच्या तोंडी असते. पण जिच्या राजाच्या नावाने ती सुरू होते, त्या धारानगरीत राहण्याचा योग थोड्यांनाच येतो. आम्हांस तो आला आहे. अकराव्या शतकातल्या भोजाने एकेका श्लोकास लक्ष मुद्रा दिल्याच्या कथा येथे अजून सांगतात. गंगू काय गात होता, हे मात्र कोणी सांगत नाही. घाण्याभोवती दिवसभर फिरणारा माणूस मुका असेल, हे संभवत नाही. गेली काही वर्षे आम्ही या गंगूच्या गाण्याच्या नादी लागलो आहोत. चाळिशी उलटलेल्या वकिलाचे हे वेड पक्षकारांना पसंत नसले, तरी वाचकांनी ते ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

आमची मूळची आवड दरबारी. धारला पवारांचे राज्य, देवासला त्याच पवारांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. अशा गावांत वाढलेल्या मराठी घरांना गाणे म्हणजे उस्तादाचे गाणे, एवढेच ठाऊक. देवासला रजबअली खाँसाहेबांसारखे गवई होते. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन हवापालटासाठी तेथे आले आणि तेथलेच झाले. पुढे त्यांच्या निर्गुणी भजनांच्या तबकड्या घरोघरी गेल्या, आणि माळव्याचे गाणे ते हेच, असे आम्ही समजत आलो.

कुमारांनी स्वतः तसे कधी मानले नाही. अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांत त्यांच्या कानांवर माळवी बायकांची गाणी पडत, वाटेने जाणाऱ्या जोग्याचे पद पडे. त्यांनी ती गाणी जमवली. त्यांच्या धुनांतून नवे राग उभे केले. १९६५ साली निघालेला ‘अनूपरागविलास’ त्याची साक्ष देतो. त्यांनी एक दार उघडले होते. आम्ही रसिक मंडळींनी त्या दाराची पूजा मांडली आणि उंबरठ्याबाहेरच बसून राहिलो. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे, तर मूळ साक्षीदार हाकेच्या अंतरावर असताना आम्ही त्याला बोलावलेच नाही.

तो योग एका दाव्यामुळे आला. देवासच्या बाजूचा एक शेतकरी पक्षकार तारीख आटोपल्यावर म्हणाला, “वकीलसाहेब, आज रात्री आमच्याकडे भजन आहे.” सोयाबीनची कापणी नुकतीच झाली होती. अंगणात सतरंजी, एक दिवा, आणि दिवसभर शेतात राबलेली पाचसहा माणसे. मुख्य गायकाच्या एका हातात पाच तारांचा तंबोरा, दुसऱ्यात करताल. साथीला ढोलक, मंजिरा आणि, आम्हांस नवल वाटले, व्हायोलिन. आवाज कमावलेला नव्हता. पण पद गाता गाता तो मध्येच थांबे, अर्थ सांगे, समोरच्यांना प्रश्न विचारी: तुझी जात कोणती, ती देहाच्या कोणत्या भागात असते, देह पडल्यावर ती कोठे जाते? आम्ही जन्मभर लोकांची उलटतपासणी घेत आलो. त्या रात्री आमची झाली. पहाटे चहा आला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि घरी जाण्याची इच्छाही नव्हती.

तेव्हापासून आम्ही या मंडळ्यांच्या मागे हिंडतो. ही माणसे बहुधा शेतमजूर किंवा लहान शेतकरी. कित्येक बलाई समाजातली. ज्यांना देवळाच्या पायरीशी थांबवले गेले, त्यांनी कबीराला आपलेसे केले, यात नवल नाही. एकलव्य संस्थेने १९९० नंतरच्या दशकात देवासला ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. तेथे अशा मंडळ्या रात्रभर गात आणि वाद घालीत. पुढे शबनम विरमाणी यांनी चित्रपट काढले, लिंडा हेस यांनी ग्रंथ लिहिला. लुनियाखेडीचे शाळामास्तर प्रल्हादसिंह टिपाणिया यांना २०११ मध्ये, देवास जिल्ह्यातले कालूराम बामनिया यांना २०२४ मध्ये, महू भागातले भेरूसिंह चौहान यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्हांस आनंद झाला. परंतु या तीन नावांच्या मागे ज्या असंख्य मंडळ्या आहेत, त्यांचे नाव कोठल्याच कागदावर नाही. पदाच्या शेवटी कबीराची नाममुद्रा येते. गाणाऱ्याची कोठेच येत नाही.

येथे आमच्यातला वकील जागा होतो. आजकाल अशा बैठकीत दहा फोन उभे राहतात. सकाळपर्यंत ते गाणे शेकडो कोसांवर पोचते, पण निनावी. पद कोणाच्याही मालकीचे नाही, हे खरे. गाणे मात्र गाणाऱ्याचे असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून ‘कलावंता’ची व्याख्या आहे, आणि तीत गायकाबरोबर जादूगार आणि गारुडीही आहेत. गारुड्याची आठवण ठेवणाऱ्या त्या मसुदाकाराला आमचा नमस्कार! कलावंताच्या हक्काची मुदत आज ५० वर्षे आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला आपले नाव सांगितले जाण्याचाही हक्क दिला. पण ज्याचे नाव आपण विचारलेच नाही, त्याचा हक्क कोणत्या न्यायालयात शाबीत करायचा?

म्हणून आम्ही एक साधा नेम केला आहे. गाणे टिपायचे तर आधी परवानगी घ्यायची. गायकाचे, साथीदारांचे आणि गावाचे नाव वहीत लिहायचे. दुसऱ्याला ऐकवताना ती नावे आधी सांगायची. आणि पाकीट देताना संकोच धरायचा नाही. शहरातल्या रंगमंचावर त्यांना वीस मिनिटांत बसवण्याचा आग्रह मात्र आम्ही सोडला. अर्थ सांगण्यास सवड नसेल, तर ते गाणे अर्धेच राहते. या गायकांना ‘उपेक्षित’ म्हणण्याचेही आम्ही सोडून दिले आहे. त्यांच्या गावाने त्यांची उपेक्षा कधी केली नाही. गैरहजर होतो ते आम्ही.

कोकण-गोव्यातल्या वाचकांस हे परके वाटू नये. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये आपली पदे घेऊन याच माळव्यात, उज्जयिनीस येऊन राहिले होते. तुमच्याकडेही देवळात भजनी सप्ताह होतो, चवथीला आरतीबरोबर घुमट वाजतो. पुढल्या वेळी तो ऐकाल, तेव्हा वाजवणाऱ्याला त्याचे नाव विचारा. गंगूचे निदान म्हणीत तरी उरले आहे.