दोन उलांड्यांची होडी

मालवणात आमच्या होडीला उलांडी, म्हणजे बाजूने बांधलेलं तरंगतं लाकूड, एकच होती, डाव्या अंगाला. लहानपणी आज्याबरोबर गेले की त्याचं एकच सांगणं, "उलांडी वर इली काय आंग तिच्यार टाक." तेव्हापासून होडीत बसले की माझं अंग आपोआप डावीकडे झुकतं. हे मला कळलं ते थेट फिलिपिन्समध्ये.

डॉक्टरकी शिकायला मी मिंडानाओ बेटावरच्या दावाव शहरात होते. समोरच सामाल बेट. वर्गातल्या मैत्रिणीचा मामा तिथे मासेमारी करायचा. तिकडे वयाने मोठ्या पुरुषाला 'नोंग' म्हणतात, आणि तो मला 'दाय' म्हणे, म्हणजे आपलं 'बाय'. पहिल्याच रविवारी मी त्याच्या बारोतोत बसायचा हट्ट धरला. मोठ्या, इंजिनाच्या नावेला तिथे पंपबोट म्हणतात. बारोतो वल्ह्याची, एका माणसाची, फार तर दोघांची. इतकी अरुंद की माझे गुडघे दोन्ही फळ्यांना टेकत होते.

आणि दोन्ही बाजूंना उलांडी! तिथला शब्द कातिग. होडीवर आडवे बांधलेले दोन वासे, त्यांच्या टोकांना होडीइतकाच लांब बांबू, एक इकडे, एक तिकडे. खिळा एकही नाही, सगळं गळाच्या नायलॉन दोरीने आवळलेलं. लाट हिसका देते तेव्हा खिळ्याचं भोक मोठं होत जातं. गाठ मात्र जराशी हलते आणि पुन्हा बसते. तळ एका ओंडक्यातून कोरलेला होता, पण वरच्या बाजू प्लायवूडच्या. नोंगच्या बापाची होडी अख्खी लावआनच्या लाकडाची होती. तेवढ्या घेराचं झाड आता कुठून आणायचं, असं तो म्हणाला आणि कितीतरी वेळ नुसतं वल्हं मारत राहिला.

किनारा सुटला आणि मी सवयीने डावीकडे झुकले. डावा बांबू पाण्यात बुडाला, उजवा ठिबकत वर आला. नोंग ओरडला, "तुंगा, दाय, तुंगा!" मध्ये, मध्ये बस. मी घाबरून आणखीच डावीकडे सरकले. तरी होडी कलंडली नाही. बांबूची पेरं आतून पोकळ आणि बंद. बुडालेला बांबूच तिला खालून उचलून धरत होता. आमची एकटी उलांडी तरंगून आधार देते आणि वर उचलली गेली की स्वतःच्या वजनाने होडीला परत ओढते, पण तिला माणसाच्या अंगाची साथ लागते. इथे माणसाने फक्त स्वस्थ बसायचं. ते स्वस्थ बसणं शिकायला मला तीन रविवार लागले.

नोंग तरुणपणी जनरल सांतोस शहराच्या टूना, म्हणजे आपला कुपा, धरणाऱ्या नावांवर होता. मोठी नाव अशा एकट्याच्या छोट्या होड्या, पाकुरा, सोबत घेऊन खोल समुद्रात जाते आणि तिथे त्या सोडते. एक माणूस, एक गळ, आणि खाली कधी कधी त्याच्याएवढा कुपा. या दोन बांबूंच्या भरवशावर माणूस रात्रभर एकटा बसतो, हे ऐकून मला आज्याची आठवण दाटून आली.

पुढे बुतुआन शहरात गेले. तिथे १९७६ साली चिखलातून लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या जुन्या फळीबंद नावा मिळाल्या, बालांगाय. गावाला तिकडे बरांगाय म्हणतात, तो शब्द या नावेचाच. माझ्या खोलीच्या पत्त्यात तो रोज लिहीत होते, अर्थ तिथे कळला. मद्रासच्या मत्स्यखात्यात काम केलेले जेम्स हॉर्नेल यांनी आपल्याकडच्या उलांडीचं नातं १९२० मध्येच पूर्वेच्या या दर्यावर्दी लोकांशी जोडलं होतं. मला ते वाचण्याआधीच पटलं होतं, बुडाखालच्या पाण्याने पटवलं होतं.

मी बापसाला नोंगच्या होडीचा फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला, "दोनय बाजूंक? मगे जाळा खंयसून सोडतत?" आमच्याकडे उजवी बाजू मोकळी, रापणीचं जाळं तिथूनच जातं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या रविवारी नोंगला विचारलं. जाळं मागच्या टोकावरून, असं त्याने हातानेच दाखवलं. मग होडी आणि बांबू यांच्यामधल्या हातभर पाण्यात गळ सोडला आणि दोरी माझ्या बोटावर ठेवली.