साधी गारगोटी

शनिवारी सकाळी लेकीने घरामागच्या टेकडीवरून लिंबाएवढा पांढरा दगड उचलून आणला. "बाबा, हिरा आहे ना?" मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेलो. न बघताच म्हणालो, "छे गं, साधी गारगोटी आहे." तिचं तोंड एवढंसं झालं आणि दगड चपलांच्या स्टँडवर जाऊन पडला.

दुपारी तो दिसला आणि जरा लाज वाटली. ऑफिसात कुणी टेस्ट न करता 'बग नाही' म्हणालं तर मीच भांडतो! आणि पुण्याकडच्या काळ्या कातळात, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळ्यांत, पांढरं ते सगळंच गारगोटी नसतं. कॅल्साइट असतो, झिओलाइटही असतात.

मग लेकीला हाक मारली. आधी व्हिनेगरचा थेंब टाकला. कॅल्साइट फसफसतो, हा ढिम्म. मग जॅमच्या रिकाम्या बाटलीवर दगडाचं टोक जोरात ओढलं. रेघ उठली. ही रेघ बोटाने पुसून बघायची, कारण कधी कधी मऊ दगडाची पूडच काचेला लागते. पुसूनही ओरखडा राहिला, म्हणजे झिओलाइटही बाद. फुटलेली बाजू सपाट नव्हती, जाड काच फुटावी तशी वळणदार होती. गारगोटीच, म्हणजे क्वार्ट्झ!

"मग पांढरी का?" तयार होताना आत पाण्याचे अगदी सूक्ष्म थेंब अडकतात, त्यांनी प्रकाश विखुरतो. ते नसते तर हाच आरपार दिसणारा स्फटिक झाला असता.

भिंतीवरच्या घड्याळावरचं 'क्वार्ट्झ' तिनेच वाचून दाखवलं. त्यातला, कारखान्यात वाढवलेल्या क्वार्ट्झचा, इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनचा पंधरावा घात! पंधरा वेळा अर्धं करत गेलं की बरोब्बर सेकंदाला एक ठोका. बायनरीवर पोट भरणाऱ्याने हिला 'साधी' म्हणावं म्हणजे..

असो. रात्री तिने गावी फोन करून आजोबांना सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "एकच आणलीस होय? अजून एक हवी."

आणि मला एकदम आठवलं. लाइट गेले की अण्णा गोधडीत घेऊन दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचे. दगडाच्या आतच नारिंगी उजेड चमकायचा, जळका वास यायचा. दिवसभर राबून आलेले असायचे, पण 'साधी आहे, टाकून दे' असं कधी म्हणाले नाहीत.

उद्या सकाळी टेकडीवर जातोय. दुसरी शोधायला.