दिवसाच्या दोन रेघा

सवयीला आपण स्वभाव म्हणू लागलो की तिच्याकडे पाहणंच बंद होतं. घरातल्या माणसाचं बोलणं मधेच तोडणं, डोळे उघडताच मोबाईल हातात घेणं, पडत्या बाजूच्या माणसाशी बोलताना आवाज चढवणं. पापनिवेदनाला जाताना यातलं काही आठवत नाही, कारण ते रोजचंच असतं. पण श्रद्धा जगायची ती याच रोजच्या गोष्टींत. आपली खरी ओळख आपल्या सवयींनाच असते.

संत इग्नेशियस लोयोला मला जवळचे वाटतात ते यासाठी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि हा सरदार लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळला. वाचायला मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या ते कधी पराक्रमाची स्वप्नं रंगवत, तर कधी संतांसारखं जगण्याची. रमताना दोन्हींत गोडी वाटे. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडे, दुसऱ्यांनंतर प्रसन्नता मागे राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि आत्मपरीक्षणाची वाट तिथून सुरू झाली.

ही वाट सरळ नव्हती. मान्रेसाला राहताना, पूर्वी केसांची फार निगा राखत असत म्हणून त्यांनी केस आणि नखं वाढू दिली. जुन्या पापांच्या आठवणींनी इतकं पछाडलं की आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केलं. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी तो उपास सोडायला लावला. पुढे अंतरात उजेड पडू लागला तसे त्यांनी केस आणि नखं पुन्हा कापायला सुरुवात केली. स्वतःला छळणं म्हणजे बदलणं नव्हे, हे त्यांनी असं अंगावर सोसून जाणलं.

म्हणूनच त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातली पद्धत इतकी शहाणी आहे. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच निवडायचा. सकाळी उठताच त्याबद्दल सावध राहण्याचा निश्चय, दुपारच्या जेवणानंतर एक तपासणी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. कागदावर दर दिवसाच्या दोन रेघा आखायच्या आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्यांवर द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. घसरल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा. चार माणसांतही कोणाला कळू न देता तो ठेवता येतो. माणसाचा मान राखून त्याला सुधारणारी ही सूचना मला फार मोलाची वाटते.

दिवसाच्या सर्वसाधारण परीक्षणाची सुरुवात तर दोषाने होतच नाही. आधी देवाचे आभार, मग स्वतःकडे पाहण्यासाठी प्रकाशाची याचना, त्यानंतर दिवसाचा आढावा, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. हा क्रम उलटा केला तर उरते ती चिडचिड. जो आपल्यावर आधीच प्रेम करतो त्याच्यासमोर बसलं की लपवण्याचं कारणच राहत नाही. हिशेब तोच असतो, पण तो पित्याजवळ मांडला जातो.

तरीही सवय नुसती काढून भागत नाही. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात जुना अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, असा दृष्टान्त प्रभू येशूने दिला आहे. प्रायश्चित्तकाळात मोबाईल बाजूला ठेवला आणि ती वेळ कोणालाच दिली नाही, तर ईस्टरनंतर तो दुप्पट जोमाने हातात येतो. उपासाबरोबर प्रार्थना आणि दानधर्म ही जोड ख्रिस्तसभेने घालून दिली ती यासाठीच. सुटलेल्या सवयीच्या जागी माणूस यायला हवा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे दिसतं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं होतं. पुढे माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांनाच पटलं आणि बाप्तिस्म्यापूर्वीच शिवाशिव सुटली. लहानपणापासून हाडीमाशी खिळलेली सवय गेली, आणि तिच्या जागी माणसं आली. पुढे त्यांच्या घरात कितीतरी पोरक्यांना जागा मिळाली.

त्यामुळे रेघेवरचे ठिपके कमी झाले एवढ्यावर मी समाधान मानू इच्छित नाही. ठिपके मोजणारे आपणच असतो. सवय खरोखर बदलली की नाही हे ज्यांचं बोलणं आपण तोडत होतो, ज्यांच्यावर आवाज चढवत होतो, त्यांना विचारायला हवं. ती माणसं आपल्याशी पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलू लागली असतील, तर कृपेने आपलं काम केलं आहे.