चढून खेळायचं की घर राखून?

मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री फुटबॉलवेड्या गावात हा एकच वाद रंगतो. कोल्हापुरात तो मी लहानपणापासून ऐकत आलो. दोन पेठांच्या संघांची गाठ शाहू स्टेडियमवर पडणार असली, की तालमीच्या कट्ट्यावर एखादा जाणता म्हणायचा, "पहिला हाफ डिफेन्स हलवायचा न्हाई. गोल खायचा न्हाई, बास." पोरं उसळायची, "मग ग्राउंडवर जायचं तरी कशाला?" रात्र सरायची, वाद सरायचा नाही. म्हणून १९९७ च्या जुलैत कोलकात्यात जे घडलं त्याच्या हकिगती वाचताना, ऐकताना ती माणसं मला कधी परकी वाटली नाहीत. एवढंच, की आमचा वाद पेठेपुरता असायचा आणि तिथे अख्खं शहर दोन तट करून भांडत होतं.

मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा. एकाच्या मागे पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी, म्हणजे घोटी. दुसऱ्याच्या मागे पूर्वेकडून आलेले, फाळणीत घरदार मागे टाकलेले बांगाल. हा जिंकला की घरोघर कोळंबी, तो जिंकला की हिल्सा. हे सगळं अनेकांनी लिहून ठेवलं आहे. मला ओढ आहे ती त्या वर्षीच्या वादाची, कारण तेव्हा भांडण नुसतं रंगांचं नव्हतं. फुटबॉल खेळावा कसा, यावर ते चाललं होतं.

मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त. त्यांनी त्या मोसमात एक नवी रचना आणली. मागे तीनच बचावपटू, आणि त्यांच्या पुढचे खेळाडू पत्त्यातल्या चौकटच्या आकारात पसरलेले. कोलकात्याने तिला 'डायमंड' म्हटलं. चेंडू मिळाला की माणसांचा लोंढाच्या लोंढा पुढे. फेडरेशन कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत याच रचनेने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० असं धुऊन काढलं. चर्चिल काही ऐरागैरा संघ नव्हता. त्यामुळे त्या सहा गोलांनी शहर पेटलं. उपांत्य फेरीत समोर ईस्ट बंगाल, आणि त्यांचे प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी, सगळ्यांचे पीके. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधले भारताचे कर्णधार, १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातले खेळाडू. दोघांनीही दोन्ही क्लबांना शिकवलेलं. कुणी कुणाला अनोळखी नव्हतं.

अशा वेळी चाहते कसे बोलतात ते मला ठाऊक आहे. एक म्हणतो, सहा गोल मारणाऱ्याने आता मागे का सरायचं? दुसरा म्हणतो, डर्बीचं गणित निराळं. तीन बचावपटू पुढे ओढले गेले, की दोन्ही कडांना मोकळं रान, आणि त्या रानात बायचुंग भुतियासारखा वीस वर्षांचा वारा सुटला तर धरणार कोण? हा दुसरा माणूस मला कधीच भित्रा वाटला नाही. डर्बीतली हार मैदानावर राहत नाही. ती घरी येते, दुसऱ्या दिवशी कचेरीत येते, चहाच्या टपरीवर वाट बघत उभी असते. १९७५ च्या शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० हरवलं, तेव्हाही प्रशिक्षक पीकेच होते. ते पाच गोल बागानच्या लोकांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतले. 'आधी घर राखा' असं म्हणणाऱ्याच्या पोटात असा एखादा आकडा रुतलेला असतो.

सामन्याआधी अमल दत्त फार बोलले. ईस्ट बंगालच्या खेळाडूंची त्यांनी नावं पाडली: बायचुंगला 'चुंगचुंग', ओमोलोला 'ऑम्लेट', सोसोला 'शोशा' म्हणजे काकडी. हे मला पटत नाही. आक्रमण पायांनी करायचं असतं. माणसाच्या नावाची टर उडवायला धाडस लागत नाही. पीके उलट बोलले नाहीत. तेच शब्द त्यांनी आपल्या पोरांपुढे ठेवले. बोलून माणूस पेटवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

१३ जुलैला सॉल्ट लेकच्या मैदानात सुमारे १ लाख ३१ हजार माणसं होती. भारतात फुटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी झाली नाही आणि नंतरही झालेली नाही. ईस्ट बंगालचा पहिला गोल नाझिमुल हकचा, मग बायचुंगचे तीन. मोहन बागानकडून एकट्या चिमा ओकेरीने एक गोल केला. ४-१.

तेव्हापासून सांगितलं जातं, की सावधपणाने आक्रमणाला धडा शिकवला. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. नुसतं घर राखणारा संघ चार गोल करत नाही. समोरच्याला अंगावर येऊ द्यायचं, त्याच्या पाठीमागे जागा पडेपर्यंत दम धरायचा आणि मग तिथेच घाव घालायचा, हा गनिमी कावा आपल्याला नवा नाही; त्याला भित्रेपणा कोण म्हणेल? पीकेंच्या संघाकडे वेग होता, आणि तो कधी सोडायचा याची जाण होती. अमल दत्तांचा डाव फसला तो चढून खेळल्यामुळे नव्हे. चेंडू हातचा गेल्यावर मागची मोकळी जागा कोण भरणार, याचं उत्तर त्या दिवशी त्यांच्या संघापाशी नव्हतं.

तरीही मला बाजू घ्यायला सांगाल तर मी अमल दत्तांच्या बाजूने उभा राहीन. एवढी लाखभर माणसं खेचून आणणारं ते कुतूहल त्यांच्या डायमंडने पेरलं होतं. त्यांनीही नेहमीसारखी मागे चौघांची भिंत बांधली असती, तर सामना झालाच असता, कदाचित कमी गोलांनी हरलेही असते. पण घराघरात लोक खेळाच्या रचनेवर तावातावाने बोलले नसते. अमल दत्त २०१६ मध्ये गेले, पीके २०२० मध्ये. त्या सामन्याचं नाव अजूनही पराभूत प्रशिक्षकाच्या रचनेवरूनच घेतलं जातं.

आणि तो कप? अंतिम सामन्यात ईस्ट बंगाल हरलं. कप गोव्याच्या साळगावकर संघाने नेला.