गाडीचे येते-जाते दुखणे

२०२४ च्या एप्रिल महिन्यात शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाजवळ बोनेट उघडून उभी असलेली पांढरी गाडी ज्या पालकांनी पाहिली असेल, त्यांना सांगायला हरकत नाही की ती आमचीच. "काय झालं होतं हो गाडीला?" असे नंतर बऱ्याच जणांनी विचारले. उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते. विज्ञानाच्या सरांनी "मुलांसाठी लिहून काढा" म्हटले, म्हणून हा खटाटोप.

गाडी बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होई. रस्त्यात कधी बंद पडली नाही. मात्र कधीतरी, वाटेत थोडे थांबून परत निघताना, सेल्फ फिरत राही आणि इंजिन काही उठत नसे. दहा-वीस मिनिटे हताश बसावे, मग जणू काही झालेच नव्हते अशी ती सुरू होई. एरवी मी हे चालवून घेतले असते. पण माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे बाबांचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. चार तास यंत्राला जोडलेला माणूस बाहेर येतो तेव्हा पार गळून गेलेला असतो. त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाणी मोजून. इंदूरचे चाळीस अंशांचे ऊन, बंद गाडी, मागच्या सीटवर बाबा, आणि "घोटभर पाणी घ्या" असेही मोकळेपणाने म्हणता येत नाही. ती वीस मिनिटे फार लांब असतात.

गॅरेजमध्ये गाडी तीनदा नेली. तिन्ही वेळा ती तिथे शहाण्या मुलासारखी वागली. मिस्त्रीला मी दोष देत नाही, समोर ठणठणीत रोगी आणून "याला कधी कधी ताप येतो" म्हटले तर वैद्य तरी काय करील? त्याने प्लग बदलले, हवेचा मार्ग साफ केला. मग "भाभीजी, बैटरी उतर गई है" म्हणून नवी बॅटरी बसवली. जुनी चार वर्षांची होती, बदलायला आलीच होती. बॅटरी बदलल्यावर आठ दिवस गाडी बिनतक्रार चालली. नवव्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी पुन्हा तेच. या आठ दिवसांनी आम्हांला जितके गोंधळात टाकले तितके कशानेच नाही. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "भिया, बेच दो." ह्यांचेही मत तिकडेच झुकू लागले होते.

दहावीत गेलेल्या आमच्या लेकीने एक जुनी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, किती वेळ गाडी चालली, किती वेळ उभी राहिली, ऊन होते की सावली, आणि किती सेकंदांत सुरू झाली. नियम एकच : चांगले वागलेल्या वेळांचीही नोंद करायची. हे महत्त्वाचे आहे. आपण फक्त त्रासाच्या वेळा लक्षात ठेवतो, आणि मग सगळे अचानक, लहरीने घडते असे वाटते. तीन आठवड्यांत सव्वीस नोंदी झाल्या. सात वेळा गाडी अडली होती, आणि सातही वेळा ती अर्धा तास तरी चालून मग दहा ते चाळीस मिनिटे उभी होती. रुग्णालयाबाहेर चार तास उभी राहून एकदाही अडली नव्हती. रात्रभर उभी राहूनही नाही. दुखणे लहरी नव्हतेच, ते उष्णतेचे होते.

इथे एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. चालू इंजिनाभोवती पाणी खेळत असते, रेडिएटरमधून वारा येत असतो. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता जाणार कुठे? ती आजूबाजूला पसरते. त्यामुळे बोनेटखालचे काही भाग गाडी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी चालत्या गाडीपेक्षा जास्त तापलेले असतात.

बाबांना हे लगेच पटले. त्यांच्या जुन्या फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागून असे. उन्हाळ्यात पंपात पेट्रोलची वाफ धरली की गाडी अडे, मग ओले फडके पंपावर टाकायचे. "फडकं टाकून बघ गं," ते मागच्या सीटवरून म्हणत. आमच्या गाडीत पंप टाकीच्या आत, आणि पेट्रोल वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाखाली असते, तिथे वाफ सहज होत नाही. पण त्यांची दिशा बरोबर होती, फडके कशावर टाकायचे एवढेच ठरायचे होते.

इंजिनाला सुरू व्हायला हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी लागते. पुढच्या खेपेला गाडी अडली तेव्हा आम्ही तयारीत होतो. चावी फिरवून सेल्फ न मारता दोन-तीन सेकंद थांबायचे, असे तीनदा केले. दर वेळी पंपाची गुणगुण ऐकू आली, पण फरक शून्य. म्हणजे नळीतला दाब उतरून गेला होता असे दिसत नव्हते. पेट्रोल जास्त होऊन इंजिन ओले झाले असावे म्हणून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तरी तसेच. पेट्रोलचा वासही नाही. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, काटा बघ." सकाळी सेल्फ मारताना इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा किंचित थरथरतो, आता तो शून्यावर मेल्यासारखा पडून होता. सगळ्याच गाड्यांत हे दिसत नाही, आमच्या गाडीत दिसते. इंजिन फिरत होते, आणि गाडीच्या संगणकाला ते कळत नव्हते. फिरतेय हेच न कळल्यावर तो ठिणगी केव्हा देणार?

हे कळवण्याचे काम क्रँकशाफ्टचा सेन्सर करतो. आमच्या गाडीतला सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे वेटोळे. समोरून लोखंडी दाते सरकले की तारेत वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला हाच तो नियम. दाते जितके वेगाने सरकतील तितका व्होल्ट जास्त, वेटोळे जितके जास्त तितकाही जास्त. सेल्फने इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे घेते, सुरू झाल्यावर आठशेच्या आसपास. म्हणजे सुरू होतानाचा संदेश मुळातच दुबळा, चालू इंजिनाच्या जेमतेम पाव-एक तृतीयांश. त्यात सेन्सर तापून आणखी दुबळा झाला तर संगणकाला तो ऐकूच येणार नाही. एकदा सुरू झाल्यावर मात्र काही अडचण नाही. आणि नव्या बॅटरीचे ते आठ दिवस? ताज्या बॅटरीने सेल्फ जोरात फिरला, व्होल्ट थोडा वाढला, काम भागले. पुढे ऊन वाढले आणि तेही पुरेना.

जुन्या इंदुरातल्या एका गल्लीत एक वयस्क उस्ताद आहेत. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. तशी ती कोणी वाचली नव्हती. काही न बोलता माझ्यासोबत गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि चहा मागवला. वीस मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी अडली. त्यांनी वाकून बाटलीतले गार पाणी हळूहळू सेन्सरवर ओतले. तीन मिनिटांत गाडी सुरू. बाबांचे फडके योग्य जागी पडले.

तरीही उस्तादांनी नवा सेन्सर लगेच बसवला नाही. आधी तार आणि तिची जोडणी तपासली, मग मीटर लावला. तांबे तापले की त्याचा रोध वाढायला हवा. इथे तो तापल्यावर घटत होता! आतल्या तारेचे आवरण उष्णतेने दगा देत होते, वेटोळी एकमेकींना चिकटत होती, म्हणजे वेटोळी कमी आणि व्होल्टही कमी. लेकीचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. परीक्षेत पाठ केलेली ओळ समोर ग्रीसमध्ये माखून पडली होती.

सेन्सर बॅटरीच्या एक चतुर्थांश किमतीतही बसला नाही, इतका स्वस्त. त्यानंतर मे-जून गेला, २०२५ चा उन्हाळाही गेला, गाडी गरम असताना एकदाही अडलेली नाही. बाबा आता डायलिसिसहून येताना वाटेत थांबून लिंबे घ्यायला सांगतात, पूर्वी ते थांबूच देत नसत.

जुना सेन्सर शाळेच्या प्रयोगशाळेत दिला आहे. त्याच्यासमोरून लोखंडी पाना झरकन फिरवला की मीटरवर थोडे मिलिव्होल्ट दिसतात, सावकाश फिरवला की त्याहून कमी. केस वाळवण्याच्या यंत्राने तो तापवून मुले पुन्हा मोजतात. ते यंत्र मात्र आमच्या घरचे आहे, सरांनी कृपया परत पाठवावे.